नदी, फक्त 60 मिनिटांवर

पुण्यातल्या मध्यमवर्गीय माणसाला पन्नाशी उलटली की दोहोंपैकी एक गोष्ट होते. एक तर गुडघे दुखू लागतात, नाही तर नदीकाठी जमीन घ्यावीशी वाटू लागते. काही नशीबवानांना दोन्ही एकदम होतं. गुडघ्यांना निदान तेल चोळता येतं. जमिनीच्या दुखण्यावर अजून औषध निघालेलं नाही, आणि ते पसरतं व्हॉट्सअ‍ॅपवरून. सकाळी दात घासायच्या आत संदेश येऊन पडलेला असतो: ‘विकणे आहे. नदी टच, डांबरी टच, डोंगर व्ह्यू. 40 गुंठे. टायटल क्लिअर. पुण्यापासून फक्त 60 मिनिटं. ऑफर दोनच दिवस.’ हा दोन दिवसांचा संदेश दर शुक्रवारी येतो आणि वर्षानुवर्षं येतो.

आधी त्या 60 मिनिटांचं बघू. जमीन असते वेल्हे तालुक्यात. (तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण एजंट, एसटीचा कंडक्टर आणि तिथली म्हातारी माणसं अजून वेल्हेच म्हणतात.) कोथरूडहून निघालेल्या माणसाला वारजे, नवले पूल, खेड शिवापूरचा टोलनाका, चेलाडीचा फाटा, नसरापूर, मार्गासनी अशी वारी करत तिथं पोचायचं असतं. यातला नवले पूल एकटाच 60 मिनिटं खाऊन ढेकरही देत नाही. दुसरा रस्ता खानापूरवरून पाबे घाटाने जातो. तो जवळचा आहे. रविवारी निम्मं पुणं त्याच बाजूला सिंहगडाच्या कांदाभज्यांकडे निघालेलं असतं, एवढीच काय ती अडचण. दोन-अडीच तासांनी आंबलेल्या अंगाने उतरणारा ग्राहक पहिला प्रश्न हाच विचारतो.

‘60 मिनिटं म्हणाला होतात!’

‘मग? बरोबर 60 मिनिटं आहेत काका. चेलाडीपासून.’

‘अहो, पण पुण्यापासून म्हणाला होतात.’

‘आता चेलाडीपर्यंत पुणंच की!’

भूगोलाच्या दृष्टीने हे विधान चूक आहे. भावाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

उदाहरणादाखल कोथरूडचे एक काका घेऊ. असे काका गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे नावाची गरज नाही. काका बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले. जामीनदाराची सही अर्जावर एक आणि करारावर दुसरी दिसली, म्हणून लोकांची लग्नं लांबवलेला हा माणूस. चहावाल्याचं बिलही ते उजेडात धरून वाचतात. मात्र डोंगर दिसला, नदी दिसली, की हयातभराची ही सगळी शिस्त विरघळून जाते. काकांनी जमिनीची फाइल उघडली त्या दिवशी तिच्यात एकच कागद होता: पाण्यात पाय सोडून बसलेल्या काकूंचा फोटो.

हा फोटो नोव्हेंबरातला. जमीन दाखवायचा हंगाम हाच, दिवाळी झाल्यापासून होळीपर्यंतचा. त्या दिवसांत सह्याद्रीतली नदी इतकी सालस वागते की तिला घरी घेऊन यावंसं वाटतं. तळाचे गोटे दिसतात, गोट्यांखालून खेकडा डोकावतो, काठावरच्या करंजाची सावली बरोब्बर दोन खुर्च्यांपुरती पडते. एका बाजूला तोरणा, दुसऱ्या बाजूला राजगड. भात कापून झालेलं, खाचरात पेंढ्यांचे भारे. वाऱ्याला त्या कापलेल्या भाताचा वास. अशा जागी एजंट पूर्ण गप्प बसतो, आणि हेच त्याचं खरं कसब. तो चपला काढून एका खडकावर ठेवतो, गवताची काडी दातांत धरतो आणि नदीकडे बघत राहतो. पाच मिनिटांनी ग्राहकच म्हणतो, ‘किती शांत आहे नाही!’ मग एजंट काडी काढतो आणि भाव सांगतो.

‘टायटलचं काय?’ काकांमधला बँकवाला शेवटचा एकदा जागा झाला.

‘टायटल या पाण्यासारखं आहे काका. तळ दिसतोय बघा.’

काकू तोवर पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा तयार करत होत्या. इथे ओटा, इथे झोपाळा, तिथे चूल, पलीकडे पेरू-चिकू, आणि जानेवारीत सगळ्या भिशीमंडळाला बोलावून हुरडा पार्टी. बांधावर एक अण्णा बसले होते. जमीन त्यांची. ते मघापासून गप्प होते, पण हुरडा म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही.

‘वहिनीसाहेब, हुरडा जवारीचा आसतो. हितं भात व्हतो.’

‘मग थोडी ज्वारी लावू की!’

अण्णांनी डोंगराकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि टोपी काढून परत घातली. या खोऱ्यात जून ते सप्टेंबर इतका पाऊस पडतो की भात, नाचणी, वरई यांच्यापलीकडे कुणाचं चालत नाही. पण शहरातून आलेल्या माणसाच्या डोक्यातला गाव सगळ्या महाराष्ट्रातून गोळा केलेला असतो. हुरडा सोलापूरचा, हापूस रत्नागिरीचा, चुलीवरचं मटण कोल्हापूरचं आणि नदी तेवढी वेल्ह्याची.

भाव ठरला. लगेच विसार देऊन टाकावा, असं एजंटचं म्हणणं पडलं, कारण ‘मुंबईची पार्टी’ निघालेली होती. ही मुंबईची पार्टी प्रत्येक व्यवहारात निघालेली असते आणि कायम खोपोलीपर्यंत आलेली असते. काकांनी मोबाइल काढला, 51,000 रुपये टाकले, पिन दाबला. गोल चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. खोऱ्यात रेंज नव्हती.

‘देवळाच्या तिसऱ्या पायरीवर येते,’ एजंट म्हणाला.

सगळे देवळात गेले. तिसऱ्या पायरीवर आधीच एक पोरगा परीक्षेचा निकाल बघत उभा होता. त्याला बाजूला करून काका चढले. एक कांडी आली, गेली. एजंटने सुचवलं की तोरण्याकडे तोंड करा. काकांनी केलं. अण्णांनी सुचवलं, फोन उजव्या हातातून डाव्या हातात घ्या. तेही झालं. काकू म्हणाल्या, ‘आधी नमस्कार तरी करा देवाला.’ नमस्कार करताना फोन पायरीवर आपटला आणि काचेला तडा गेला. व्यवहार ‘प्रलंबित’ असं दाखवून स्क्रीन काळी झाली. पैसे कुठेच गेले नव्हते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. नदीकाठच्या जमिनीचे निम्मे व्यवहार वकिलांमुळे नव्हे, तर रेंज नसल्यामुळे वाचत असावेत, असा दाट संशय आहे.

परतताना गाडी खाचरात रुतली. ही बाब अपघातात मोडत नाही, ती कार्यक्रमपत्रिकेवरच असते. जाहिरातीतला डांबरी रस्ता जमिनीपासून दोन खाचरं अलीकडे संपलेला होता. मात्र जिथे गाडी रुतते तिथून हाकेच्या अंतरावर एक ट्रॅक्टर उभा असतो, चालकासकट, साखळीसकट. तो आठवडाभर शेतात राबतो आणि रविवारी इथे उभा राहतो. रविवारची मिळकत बरी असते, असं चालकाने काकांच्या बंपरला साखळी अडकवता अडकवता सांगितलं. या खोऱ्यात पर्यटनावर आधारित रोजगाराची एवढीच खात्रीची योजना सध्या सुरू आहे.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर काकांनी सातबारा काढला. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या 15 रुपयांत मिळतो. मराठीत इतक्या स्वस्तात इतकं खिळवून ठेवणारं वाचन दुसरं नाही. एका पानावर गाव नमुना सात, म्हणजे मालक कोण. दुसऱ्या भागात गाव नमुना बारा, म्हणजे पीक काय. अण्णांच्या सातबाऱ्यावर अण्णा होते, पण एकटे नव्हते. त्यांच्यासोबत तीन सख्खे भाऊ, चार चुलत, दोन आत्या, एका मयत काकांचे पाच वारस, आणि ‘इतर हक्कां’त सोसायटीचा बोजा होता. काही नावं कंसात होती, म्हणजे त्यांचा हिस्सा संपलेला. काही नावं कंसात असायला हवी होती, पण ती बाहेरच फिरत होती. एका नावापुढे ‘अ.पा.क.’ असं लिहिलेलं. म्हणजे अज्ञान, पालनकर्ता आई. काकांनी फोनवर चौकशी केली.

‘हे अज्ञान कोण? मुलगा लहान असेल तर कोर्टाची परवानगी लागेल.’

‘त्यो व्हय? त्यो आवंदा आजोबा झाला,’ अण्णा म्हणाले.

नोंद झाली तेव्हा तो अज्ञान होता आणि नंतर ती बदलायला कुणी गेलं नाही. जमीन महसूल संहिता 1966 ची. तिच्या आधीच्या नोंदीही अनेक सातबाऱ्यांवर तशाच नांदत असतात. त्या दुरुस्त करायच्या तर फेरफार घालावा लागतो, नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस थांबावं लागतं. हरकत येतेच. एवढी माणसं असलेल्या कुटुंबात कुणालाच हरकत नाही, असं घडलं तर ते कुटुंब आजारी समजावं. हे सगळं तलाठी भाऊसाहेबांच्या हातात. त्यांचं पद आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालेलं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःही वळून बघत नाहीत.

दोन आत्यांची गोष्ट आणखी पुढची. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला आणि केंद्राने 2005 मध्ये. त्यामुळे आत्यांची सही हवीच. एक आत्या पनवेलला, तिने भाव विचारून फोन ठेवला. दुसरी आत्या तीन गावं पलीकडे. एजंट काकांना घेऊन तिच्याकडे गेला. आत्यांनी चहा दिला, घरची तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं कालवण जेवायला घातलं आणि शेवटी म्हणाल्या, ‘सही न्हाय करायची मी. त्या वावरातनं माझ्या म्हायेरची वाट जाती. तुमी कुंपान घालनार, मग मी कुटनं जाऊ?’ यावर काकांकडे उत्तर नव्हतं. कालवण उत्तम होतं, एवढंच ते घरी येऊन सांगू शकले.

काका हरले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण जमीन बघणाऱ्या माणसाची जिद्द काही वेगळीच. शिवाय जमिनीवरून भांडणं ही या मावळाची जुनी रीत आहे. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीवरून जेधे आणि खोपडे पिढ्यान्‌पिढ्या झगडले. शिवाजी महाराजांच्या काळातही ते मिटवायचं काम सोपं नव्हतं. त्या मानाने काकांना फक्त दोन आत्या आणि एक अज्ञान आजोबा सांभाळायचे होते.

तेवढ्यात वकिलांनी विचारलं, ‘तुम्ही शेतकरी आहात का?’

काकांनी गॅलरीतल्या कढीपत्त्याकडे बोट दाखवलं. ते चालत नाही. 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 असं की, महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी पाहिजे. म्हणजे जमीन असेल तरच जमीन मिळते. या एका कलमाने राज्यातल्या जितक्या माणसांना मूळ गावाची आठवण करून दिली, तितकी कुलदैवतानेही दिली नसेल. काकांचं मूळ गाव राजापूरजवळ. शेवटचं जाणं झालं ते चुलत्यांच्या तेराव्याला. आता ते आंबाबर्फीचे दोन डबे घेऊन पोचले. चुलतभावाने डबे बघितले आणि दार अर्धंच उघडलं.

‘सहज आलो रे. खूप दिवसांत भेट नाही.’

‘हं.’

‘वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर माझं नाव लागायचं राहिलंय. फक्त नाव लावायचंय.’

कोकणात ‘फक्त नाव लावायचंय’ या वाक्याइतकं घबराट पसरवणारं वाक्य दुसरं नाही. चुलतभावाने रात्रीतून दोन बहिणींना, एका मेहुण्याला आणि पोलीस पाटलाला बोलावलं. आपल्याला हिस्सा नको, वाटणी नको, फणसाचं झाडही नको, केवळ दुसरीकडे जमीन घेण्यासाठी शेतकरी ठरायचंय, हे काका रात्रभर समजावत राहिले. हे स्पष्टीकरण संपूर्ण खरं होतं आणि म्हणूनच कुणाला पटलं नाही. अखेर वारसनोंद झाली. काकांच्या वाट्याला कातळाचा एक तुकडा आला. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक. त्या कातळाच्या जोरावर कोथरूडचे काका शेतकरी झाले.

मधल्या काळात पुतण्याने एक तोडगा काढला होता. ‘काका, एवढी कटकट कशाला? सरळ हिमाचलला घेऊ. तीर्थन नदी. तिथलं पाणी बघा, ट्राउट आहेत.’ हिमाचलच्या 1972 च्या कायद्यात कलम 118 आहे, त्याप्रमाणे तिथला शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीशिवाय तिथे जमीन घेता येत नाही. आणि तिथला शेतकरी म्हणजे हिमाचलचाच. राजापूरचा कातळ कुल्लूत चालत नाही. पुतण्याने मग उत्तराखंडचं नाव काढलं. तिथेही बाहेरच्यांसाठी नियम कडक होत गेले आहेत. डोंगरातल्या सगळ्या राज्यांना मैदानातल्या माणसाचा हा आजार ठाऊक झालेला दिसतो.

पैशांचा प्रश्न उरला होता. एक एकर एकट्याला परवडेना. मग काकांनी सकाळी फिरायला येणारे मित्र गोळा केले. आठ जण. एकूण 40 गुंठे, प्रत्येकी पाच. हिशेब सोपा. पण 1947 चा तुकडेबंदी कायदा म्हणतो की प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडायचा नाही, आणि ते क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10. पाच गुंठ्यांचा वेगळा सातबारा मिळणार नाही. म्हणजे आठही जण एकाच सातबाऱ्यावर, सामाईक. ‘मग आत्यासारखंच की,’ काकू म्हणाल्या, आणि त्या बरोबर होत्या.

कागदावर सामाईक असलं तरी मनात वाटणी झालेली होती. प्रत्येकाला नदी हवी होती. रस्त्याच्या बाजूचा तुकडा कुणालाही नको. जमिनीची नदीकडची बाजू 120 फूट, आत खोली 363 फूट. एका निवृत्त इंजिनिअर मित्राने रात्री जागून नकाशा काढला: आठ पट्टे, प्रत्येक पट्टा 15 फूट रुंद आणि 363 फूट लांब, प्रत्येकाला 15 फूट नदी. सगळ्यांना न्याय. मग एकाने विचारलं की दोन्ही बाजूंनी कुंपण आणि झाडं लावल्यावर उरतं किती? उरत होतं इतकंच की रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारावं लागलं असतं. दुसऱ्याने विचारलं, रस्ता कुठून? प्रत्येकाला रस्त्यासाठी दुसऱ्याचा पट्टा योग्य वाटला. शिवाय शेतघर बांधायला नियमाने किमान 40 आर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. आठ मित्रांत घर एकच. ते कुणाच्या पट्ट्यात, यावर झालेल्या बैठकीनंतर सकाळचा तो फिरण्याचा गट दोन वेगवेगळ्या टेकड्यांवर जाऊ लागला. एक वेताळ टेकडी, दुसरा महात्मा सोसायटीच्या मागची. चाळीस वर्षांची मैत्री 15 फुटांत अडकली.

तरी मोजणी करून घेऊ, असं ठरलं. भूमी अभिलेखचे मोजणीदार रोव्हर घेऊन आले. हे यंत्र उपग्रहाशी बोलतं आणि हद्दीचा कोपरा सेंटिमीटरच्या हिशेबात दाखवतं. अण्णांची हद्द मात्र ‘जांभळापास्नं त्या काळ्या दगडापर्यंत’ अशी होती. यंत्राने तीन कोपरे दाखवले. चौथा कोपरा नदीच्या पात्रात निघाला. मोजणीदारांनी पँट दुमडली, पाण्यात उतरले आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून म्हणाले, ‘हद्द इथं येते.’

‘म्हणजे जमीन पाण्याखाली?’

‘जमीन आहे तिथंच आहे. नदी सरकलीय.’

नदीने जमीन खाल्ली तर काय, याचीही सोय जमीन महसूल संहितेत आहे. वाहून गेलेल्या भागापुरता शेतसारा कमी करून मिळतो. अट एवढीच, की नदीने निदान अर्धा एकर तरी नेलेला पाहिजे. म्हणजे पूर्ण 20 गुंठे गिळले तर सरकारकडे दाद मागता येते. सहा-सात गुंठे नेले तर तो नदीचा आणि मालकाचा घरगुती मामला. सूट मिळते ती शेतसाऱ्यात, आणि एवढ्या तुकड्याचा शेतसारा म्हणजे वडापावच्या हिशेबातली रक्कम, हे वेगळं सांगायला नको.

पूररेषेबद्दल काकांनी वाचलं होतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही. त्यांनी एजंटला विचारलं, इथे निळी रेषा कुठे?

‘ते पुण्यात असतं काका. इथं कुणी रंग मारत नाही.’

शेवटी काकूंनीच फर्मान काढलं: जमीन जुलैत बघायची. एजंटला फोन लावला. जुलैत एजंटांना ताप येतो. एकाला मलेरिया, दुसऱ्याचे चुलते अत्यवस्थ, तिसरा म्हणाला, ‘आत्ता कशाला येताय, दसऱ्याला या, मस्त हिरवंगार असतं.’ काका-काकू त्याला न घेताच निघाले. या डोंगरांतला पाऊस म्हणजे काय, याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा पुरे: शेजारच्या ताम्हिणी घाटात जुलै 2024 मध्ये एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. पुणे शहराला सगळं वर्ष मिळून सातशे-आठशे पुरतो.

मार्गासनी सोडल्यावर वायपर थकला. जमिनीच्या अलीकडे अण्णा डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन चिखलात उभे, शेजारी सात-आठ बायका वाकून भात लावत होत्या. काकांनी काच खाली केली.

‘अण्णा, आपली ती जमीन कुठली?’

अण्णांनी समोर हात केला. तिथे नदी होती. गढूळ, चहाच्या रंगाची, ओंडके वाहून नेणारी. तळबिळ काही दिसत नव्हता.

‘जांभळाचा शेंडा दिसतोय का? त्याच्या आल्याडची.’

‘आणि काळा दगड?’

‘त्यो खाली हाय. गनपतीपर्यंत निघंल वर.’

‘दर वर्षी असंच?’

‘दरसाल न्हाय. येखाद्या साली जांभूळ बी दिसत न्हाय. म्हनून तर आमची घरं बघा, समदी वरच्या आळीला. आमच्या आज्याला काय नदी नको व्हती का?’

मग काकांनी तो प्रश्न विचारला जो खरं तर नोव्हेंबरातच विचारायला हवा होता. एवढं माहीत असून जमीन विकायला का काढली? अण्णा हसले. त्यांनी हातातली रोपांची जुडी बाईकडे फेकली आणि म्हणाले, ‘इकायची कुनाला हाय? भाव बघतोय फकस्त.’

म्हणजे घेणाऱ्याला घ्यायची नव्हती, त्याला रविवार काढायचा होता. विकणाऱ्याला विकायची नव्हती, त्याला आपल्या वावराची किंमत शेजाऱ्यांना ऐकवायची होती. या दोघांच्या मध्ये एजंटचं डिझेल, ट्रॅक्टरवाल्याची साखळी, वकिलांचा सर्च रिपोर्ट आणि मोजणीची फी असा एक पूर्ण संसार चालला होता. असे किती तरी संसार या खोऱ्यात चालू असतील. हे हसण्यावारी नेता येतं, कारण अण्णांना निदान नाही म्हणायची सोय आहे. इथून फार लांब नसलेल्या मुळशीत 1921 साली धरणाखाली जाणाऱ्या गावांनी सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला, तेव्हा त्यांना भाव बघायची चैन नव्हती. आणि पुण्याच्या कडेच्या गावांत ज्यांनी पहिल्या भावाला मान डोलावली, त्यांचं पुढे काय झालं, ते ‘मुळशी पॅटर्न’ पाहिलेल्या मराठी माणसाला सांगायची गरज नाही.

काकांनी जमीन घेतली नाही. पण जाणं सुटलेलं नाही. अण्णांकडून ते दर वर्षी इंद्रायणी तांदळाचं पोतं आणतात, आत्यांच्या हातचं कालवण खाऊन येतात, आणि जाता-येता दिसणाऱ्या प्रत्येक ‘विकणे आहे’ पाटीचा नंबर वहीत टिपून घेतात. चुलतभावाशी बोलणं अजून पूर्वपदावर आलेलं नाही. राजापूरचा कातळ मात्र नावावर आहे. त्यासाठीही परवा एका एजंटचा फोन आला, ‘सी व्ह्यू’ आहे का म्हणून.

ज्यांना एवढं वाचूनही जमीन बघायला जायचंच आहे, त्यांनी निघण्याआधी 15 रुपये खर्चून सातबारा काढावा आणि त्यावरची सगळी नावं मोठ्याने वाचावीत. कंसातलीसुद्धा. जमीन जुलैत बघावी, एजंट आला नाही तरी. आणि ट्रॅक्टरवाल्यासाठी खिशात रोख पैसे ठेवावेत, कारण तिसऱ्या पायरीपर्यंत गाडी जात नाही.